लहान यंत्र आणि मोठा खेळ

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी आली तिला चौदा डबे आणि तीन एंजिनें होतीं. साहेब, सिंध आणि सुलतान हीं त्या एंजिनांचीं नांवें ठाण्याच्या शाळकरी मुलासहि ठाऊक असतात. परंतु त्यानंतर दहाबारा वर्षांत जें काम झालें त्याची आठवण त्या मानानें थोड्यांस आहे. १८५४ च्या मे महिन्यांत लोहमार्ग कल्याणास पोंचला, तेथून पुढें त्याला दोन फांटे फुटले, आणि १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट चढून तो देशावर गेला. सपाट पट्टींत जें एंजिन सहज गाडी ओढीत होतें तेंच सदतीस फुटांस एक फूट अशा चढावर दमूं लागलें. अशा वेळीं तीन मार्ग असतात. मागून आणखी एक एंजिन लावावें. गाडीचें ओझें कमी करावें. अथवा मुळांत रस्ताच अशा बेतानें आंखावा कीं, आहे त्या एंजिनास तो झेपेल. पहिल्या दोन मार्गांचा भार गाडी चालविणारावर पडतो, तिसऱ्याचा रस्ता आंखणारावर. कर्जतेस आणि कसाऱ्यास मागून एंजिन लागतें हें कल्याणच्या उतारूंच्या अंगवळणी पडलें आहे; डोंगर पोखरून व वळसे घेऊन चढ बेताचा राखणारा मनुष्य मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

आज आम्हांस ज्या एंजिनाविषयीं लिहावयाचें आहे तें मांडीवर मावतें. ठाणें, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यांतील मध्यम स्थितीच्या घरांतून गेल्या कांहीं वर्षांत एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो : "हा गेम आपल्या लॅपटॉपवर चालेल का ?" २०२० च्या मार्चमध्यें देशभर टाळेबंदी झाली, शाळा-कॉलेजें घरांत आलीं, आणि जेथें तोंवर लॅपटॉप नव्हता तेथेंहि तो ओढाताणीनें घेतला गेला. घेतांना दृष्टि मुलांच्या तासांवर होती. चार जीबी मेमरी, साधा प्रोसेसर, वेगळें ग्राफिक्स कार्ड नाहीं, एवढ्यावर व्यवहार आटोपला. तास त्यावर उत्तम पार पडले. पुढें मुलाच्या मित्रांनीं एखादा नवा गेम घेतला. तो याच्या यंत्रावर उघडेना. उघडला तर चित्र अडखळूं लागलें. आणि घरांत पाऊण लाखाच्या नव्या यंत्राची भाषा सुरू झाली. मुलानें गेम खेळावा कीं खेळूं नये हा वाद ज्याच्या त्याच्या घरचा आहे, त्यांत आम्ही पडत नाहीं. आमचा प्रश्न इतिहासाचा आहे. यंत्र लहान आणि खेळ मोठा ही विषमता आजची नव्हे, ती या कलेच्या जन्मापासूनची आहे. मग पूर्वी तिचा भार कोण सोशीत असे, आणि आज तो कोणाच्या अंगावर येऊन पडला आहे ?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं एक गणकयंत्र कामास लागलें. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें टिफ्रॅक असें नामकरण केलें. चाळीस अंकस्थानांचे २०४८ शब्द एवढी त्याची मेमरी; म्हणजे या मासिकाच्या तीनचार पानांत मावतील इतकीं अक्षरें. टाळेबंदींत घेतलेल्या त्या साध्या लॅपटॉपची मेमरी टिफ्रॅकच्या चार लक्षांहून अधिक पट भरते. याच १९६२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत कांहीं तरुणांनीं 'स्पेसवॉर' नांवाचा खेळ पीडीपी-१ या यंत्रावर बसविला. त्या यंत्राची मूळ मेमरी अठरा अंकस्थानांचे ४०९६ शब्द होती. हिशेब केला तर ती आमच्या टिफ्रॅकहूनहि थोडी कमीच भरते. खेळांत दोन विमानें आणि मध्यें एक तारा. तारा विमानांस आपल्याकडे ओढतो, आणि तें ओढणें खऱ्या गुरुत्वाकर्षणाच्या गणितानें चालतें. परंतु विमानांतून सुटणाऱ्या गोळ्यांवर मात्र ताऱ्याचा कांहींच परिणाम होत नाहीं. कारण प्रत्येक गोळ्याचें गणित करण्याइतका वेळ यंत्रापाशीं उरत नव्हता. कर्त्यांनीं तें गणित गाळलें, आणि हे गोळे प्रकाशाचेच आहेत असें सांगून वेळ मारून नेली. आज मुलगा आपल्या लॅपटॉपवर सावल्या बंद करतो, त्याचा मूळपुरुष हा. फरक इतकाच कीं तेथें गाळणारा कर्ता होता, खेळणारा नव्हे.

१९८४ हें साल आमच्या दृष्टीनें दोन कारणांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत भारत सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून आयातीवरचीं बंधनें सैल केलीं. आणि १९८४-८५ पासून 'क्लास' नांवाच्या सरकारी योजनेंतून निवडक शाळांस इंग्लंडांतील एकॉर्न कंपनीचीं बीबीसी मायक्रो नांवाचीं यंत्रें मिळूं लागलीं. याच यंत्रासाठीं त्याच वर्षींच्या सप्टेंबरांत डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनीं 'एलीट' हा खेळ प्रसिद्ध केला. यंत्राची मेमरी बत्तीस केबी. खेळाडू हा अवकाशांतला व्यापारी. त्याला हिंडावयास आठ आकाशगंगा, आणि प्रत्येकींत २५६ जगें. प्रत्येक जगाला नांव, राज्यपद्धति, बाजारभाव, सर्व कांहीं. एकूण जगें झालीं २०४८. टिफ्रॅकच्या मेमरींत जितके शब्द तितकींच, हा योगायोग मौजेचा खरा. एवढीं जगें बत्तीस केबींत लिहून ठेवणें अशक्य. म्हणून तीं लिहून ठेवलींच नाहींत. एक बीजसंख्या घ्यावयाची, तिच्यावर ठराविक क्रमानें बेरजा करावयाच्या, आणि येणाऱ्या आंकड्यांतून जगाचें नांव, भाव व राज्य पाडावयाचें. बीज तेंच आणि क्रम तोच असल्यामुळें जग प्रत्येक वेळीं तेंच निघतें. जें हवें तेव्हां पुन्हां उत्पन्न करतां येतें तें सांठवून कशाला ठेवावयाचें, हा विचार आमच्या आजीच्या पिढीस नवा वाटला नसता. विरजण राखून ठेवणाऱ्या घरांत दह्याचे हंडे भरून ठेवीत नाहींत.

पण या सर्व कथांत आम्हांस अतिशय आवडते ती 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या खेळाची. कॉलेजांच्या संगणक-दालनांत मास्तरांची पाठ फिरतांच हा खेळ सुरू होई, तेव्हां पुष्कळ वाचकांनीं तो पाहिला असेल. जॉर्डन मेक्नर या तरुणानें तो १९८९ सालीं ॲपल-२ या यंत्रासाठीं केला. तें यंत्र १९७७ सालचें, म्हणजे त्या वेळींच म्हातारें. मेक्नरनें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास, उडी मारावयास, कड्याला लोंबकळावयास लावून त्याच्या हालचालींचें चित्रण केलें, आणि एकेक आकृति गिरवून आपला राजपुत्र सिद्ध केला. त्यामुळें राजपुत्र हुबेहूब माणसासारखा हालूं लागला. परंतु त्या आकृतींनींच मेमरी भरून गेली. शत्रूचें चित्र ठेवावयास तिळभर जागा उरली नाहीं. तुरुंग आहे, कांटे आहेत, दरवाजे आहेत, पण लढावयास कोणी नाहीं. स्नेहीमंडळी म्हणूं लागली कीं हें कांहीं खरें नव्हे. तेव्हां मेक्नरनें राजपुत्राचींच चित्रें घेतलीं, तीं एका ठिपक्यानें सरकवून मूळ चित्रांशीं अशा रीतीनें जुळविलीं कीं सारखे ठिपके परस्परांस पुसून टाकतील. उरली ती एक झगमगती, पोकळ मनुष्याकृति. जागा लागली जवळजवळ शून्य. हीच राजपुत्राची छाया.

आतां या छायेचा उपयोग कसा केला तें पाहण्याजोगें आहे. राजपुत्र एका आरशांतून उडी मारतो आणि त्याची छाया आरशाबाहेर पडून पळून जाते. पुढें ती त्याचें औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दरवाजा लावते, आणि शेवटीं तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर वार करावा तर रक्त आपलेंच जातें. ज्याला हें उमजतें तो तलवार म्यान करतो, पुढें चालत जातो, आणि दोघे एकमेकांत मिसळून जातात. स्टीव्हन्सनची जेकिल व हाइड यांची गोष्ट १८८६ ची. तिच्याशीं ही कल्पना तोलून पाहावी असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें. मेमरी मुबलक असती तर मेक्नरनें प्रथमच दहा पहारेकरी घातले असते आणि छायेची त्याला आठवणहि झाली नसती. पहारेकऱ्यांनाहि पुढें काटकसरीनें जागा सांपडली. पण आज आठवते ती छायाच.

जॉन कारमॅकची रीत निराळी, ती गणित्याची. त्या काळचे आयबीएम जातीचे संगणक कचेरीच्या कामासाठीं घडलेले. संबंध चित्र झरझर सरकविणें त्यांस जमत नसे. १९९० च्या 'कमांडर कीन' या खेळांत त्यानें पडदा नव्यानें न काढतां जेवढे चौकोन खरोखर बदलले तेवढेच पुन्हां रंगविण्याची योजना केली. मग ता. १० डिसेंबर १९९३ रोजीं 'डूम' आला. त्यांत खेळाडू एका भुलभुलैयांत हिंडतो, आणि समोर दिसणारी प्रत्येक भिंत त्या क्षणीं यंत्रानें काढावयाची असते. कोणती भिंत पुढें आणि कोणती मागें हें दर क्षणीं ठरविण्यांत यंत्राचा जीव जातो. कारमॅकनें जागेचे दोन भाग, त्यांचे पुन्हां दोन, असें करीत सगळा नकाशा झाडाच्या फांद्यांसारखा आधींच विभागून ठेवला. ही विद्या १९८० च्या एका शास्त्रीय निबंधांत आलेली होती. खेळांत ती त्यानें आणली. परिणामीं, कष्टाचें काम नकाशा करणाऱ्याच्या घरीं एकदांच झालें, आणि खेळणाऱ्याच्या यंत्रास नुसतें झाड चढावें-उतरावें लागलें. बोरघाटाचा इंजिनिअर तो हाच. अपूर्णांकांचें गणितहि त्यानें पूर्णांकांतच भागविलें, कारण तें स्वस्त पडतें. त्या खेळांत एका खोलीच्या वर दुसरी खोली कधीं येत नाहीं. ही उणीव कोणाच्या लक्षांत येऊं नये इतक्या बेमालूमपणें नकाशे केलेले आहेत.

मात्र 'डूम'मध्येंच एक नवी गोष्टहि सांपडते. यंत्र फारच दुबळें असेल तर खेळाडूनें एक कळ दाबून चित्राची चौकट लहान करावी, दुसरी दाबून बारकावा कमी करावा, अशी सोय कर्त्यांनीं ठेविली होती. आयुष्यांत प्रथम संगणक पाहिलेल्या कित्येक मुलांनीं हा खेळ पोस्टाच्या पाकिटाएवढ्या चौकटींत खेळलेला आहे. काटकसरीची वाटणी येथून सुरू झाली.

आमच्याकडे हे खेळ आले ते फ्लॉपींतून, एका घरून दुसऱ्या घरीं, विकत घेण्याची गोष्ट मनांतहि न आणतां. ज्या यंत्रावर ते चालावयाचे तें बहुधा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जोडलेलें असे. कंपनीचें यंत्र महाग. म्हणून पेटी येथून, मदरबोर्ड तेथून, मेमरी तिसरीकडून घ्यावयाची, आणि जड मॉनिटर मांडीवर घेऊन लोकलनें डोंबिवली गांठावयाची. घेतलें यंत्र सहासात वर्षें तरी पुरलें पाहिजे, हा घरचा दंडक. दोन हजार सालानंतर स्टेशनांलगतच्या गल्ल्यांत सायबर-कॅफे निघाले आणि तासाच्या भाड्यानें 'काउंटर-स्ट्राइक' खेळणाऱ्यांची तेथें दाटी होऊं लागली; २००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि एमएस-सीआयटीच्या निमित्तानें संगणक ही वस्तु सामान्य घराच्या ओळखीची झाली. त्यांत २००५ नंतरचीं भारनियमनाचीं वर्षें. मुंबई शहरांत दिवे जळत असत आणि कल्याण-डोंबिवलींत दिवसाचे कांहीं तास पंखाहि फिरत नसे. खेळ ऐन रंगांत असतां वीज गेली कीं सर्व गेलें. थोडक्या यंत्रांत, थोडक्या पैशांत व थोडक्या विजेंत भागविण्याची ही शिकवण ज्या पिढीनें घेतली ती आज घरोघर आईबापांच्या भूमिकेंत आहे.

इकडे खेळ करणाऱ्यांच्या जगांत वारें फिरलें होतें. १९९६ च्या जून महिन्यांत 'क्वेक' निघाला. त्याला दशांश गणित करणारा वेगळा गाभा लागे, म्हणून पेंटियम नसलेलीं यंत्रें एका रात्रींत म्हातारीं झालीं. त्याच वर्षीं व्हूडू नांवाचें कार्ड बाजारांत आलें, आणि चित्र काढण्यासाठीं मागून दुसरें एंजिन जोडण्याची चाल पडली. हें सगळें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याशिवाय खेळांचें आजचें रूप आलेंच नसतें. पण सवय मात्र बदलली. यंत्रें दर दोन वर्षांनीं दुप्पट समर्थ होतात, तेव्हां आज जें झेपत नाहीं तें उद्यां झेपेल, असा भरंवसा निर्माण झाला. २००७ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील क्रायटेक कंपनीनें 'क्रायसिस' काढला तो या भरंवशावरच. बाजारांतलें उत्तमांतलें उत्तम यंत्रहि त्यापुढें धापा टाकूं लागे, आणि "यावर क्रायसिस चालतो का ?" ही जगभर थट्टेची म्हण होऊन बसली. प्रोसेसराच्या एकेका गाभ्याची गति वाढतच जाईल असें कर्त्यांचें गणित होतें. ती तशी वाढली नाहीं. उष्णता आड आली. गाभे दोनाचे चार झाले, पण एकाचा वेग फारसा हालला नाहीं. परिणाम असा झाला कीं, हा खेळ पुढें कित्येक वर्षें नव्या यंत्रांसहि जड जात राहिला.

मग काटकसर गेली कोठें ? ती नाहींशी झाली नाहीं. ती खेळाडूच्या पदरांत पडली. कोणताहि नवा खेळ उघडावा तों त्यांत सावल्या, प्रतिबिंबें, गवत, धुकें, कडांचा मऊपणा अशा वीसपंचवीस बाबींची यादी येते, आणि कोणती कमी करावी तें ज्यानें त्यानें ठरवावयाचें असतें. आमचे विद्यार्थी हें ज्या कौशल्यानें करतात तें पाहून कौतुक वाटतें. नेहमींच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण वीस लक्ष त्र्याहत्तर हजार सहाशें. दर सेकंदास साठ चित्रें काढावयाचीं तर बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात. पडदा १२८० व ७२० वर आणला आणि चित्रें तीसच मागितलीं, तर तेंच काम पावणेतीन कोटींवर येतें, म्हणजे मूळच्या चौथाईहूनहि कमी. हा त्रैराशिकाचा हिशेब, पण तो वर्गांत सांगितला असतां जांभया येतात आणि येथें मुलें आपण होऊन करतात.

याहून सूक्ष्म गोष्ट मेमरीची. साध्या लॅपटॉपांत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघेहि एकाच मेमरींतून काम भागवितात. चाळींत एका नळावर दोन बिऱ्हाडें असावीं तसा हा प्रकार. स्वस्त यंत्रांत मेमरीची एकच पट्टी बसविलेली असते, आणि तिच्या शेजारची खांच कित्येकदां रिकामी असते. तेथें जोडीची दुसरी पट्टी घातली म्हणजे नुसती मेमरीच वाढते असें नाहीं, तर ती वाहून आणणारी वाटहि दुप्पट रुंद होते. नळ दोन झाले. अशा एका पट्टीनें जो फरक पडतो तो पाहून दुरुस्तीच्या दुकानांत बाप थक्क झालेले आम्हीं पाहिले आहेत.

आणि तिसरी गोष्ट उष्म्याची. पातळ लॅपटॉपाचा प्रोसेसर पंधरा वॅटांच्या बेतानें घडलेला असतो. शंभर अंशांच्या आसपास पोंचूं लागला कीं तो आपला वेग आपणच उतरवितो. म्हणून खेळ प्रथम पांच मिनिटें ठीक चालतो आणि मग रडूं लागतो. ठाण्याकडच्या मे महिन्यांत ही पांच मिनिटेंहि मिळत नाहींत. पंख्यांतली धूळ काढणें, प्रोसेसरावरचा सुकलेला लेप बदलणें, आणि यंत्र गादीवर न ठेवतां मागून दोन बोटें उंच करणें, एवढ्यानें पुष्कळ साधतें. उंच करण्याच्या कामीं मोल्सवर्थचा कोश लावलेला आम्हीं एके ठिकाणीं पाहिला. त्या घरांत कोशास हात लागण्याचा तेवढाच प्रसंग असावा.

या सर्व खटपटींत एक समजूत गृहीत धरलेली असते कीं दोष यंत्राचा आहे. ती नेहमींच खरी नसते, याचा लखलखीत पुरावा २०२१ सालीं मिळाला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो'चा पांचवा भाग संगणकासाठीं २०१५ च्या एप्रिलांत आला. त्याचा अनेकांनीं मिळून खेळावयाचा विभाग उघडण्यास कित्येक मिनिटें लागत, आणि जगभर खेळाडू आपल्या यंत्रास बोल लावून स्वस्थ बसत. एका खेळाडूला सहा मिनिटें थांबण्याचा कंटाळा आला. त्यानें प्रोग्रॅमचें पोट उघडून पाहिलें. खेळांतल्या दुकानाची एक यादी उघडतांना वाचली जात होती. सुमारें दहा एमबीची, त्रेसष्ट हजार वस्तूंची. ती वाचण्याची तऱ्हा अशी कीं, एक शब्द उचलावयाचा आणि दर शब्दागणिक उरलेला सबंध मजकूर किती लांब आहे तें अथपासून इतिपर्यंत मोजावयाचें. पुढें प्रत्येक वस्तु यादींत घालण्यापूर्वीं ती आधीं आलेल्या प्रत्येक वस्तूशीं ताडून पाहावयाची. अशा तुलना जवळजवळ दोनशें कोटि होतात. या दोन जागा दुरुस्त करतांच सहा मिनिटांचीं दोन मिनिटांहूनहि कमी झालीं. कंपनीनें त्याला दहा हजार डॉलर बक्षीस दिले आणि २०२१ च्या मार्चमध्यें ती दुरुस्ती सर्वांस मिळाली. या अवधींत किती घरांतून या खेळापायीं नवीं यंत्रें घेतलीं गेलीं असतील, याचा हिशेब कोणापाशीं असणार ? आम्हांस राग येतो तो येथें. चूक कोणाच्या हातून होत नाहीं ? परंतु सहा वर्षें ती शोधण्याची कोणास गरज वाटली नाहीं, कारण थांबणारा निराळा होता आणि लिहिणारा निराळा.

कर्त्यांनीं मनावर घेतलें तर काय होतें याचींहि उदाहरणें आहेत. पबजी हा खेळ संगणकावर २०१७ च्या डिसेंबरांत पूर्णपणें प्रसिद्ध झाला तेव्हां त्याला आठ जीबी मेमरी आणि वेगळें ग्राफिक्स कार्ड लागे. हिंदुस्थान व थायलंडसारख्या देशांत असलीं यंत्रें थोड्यांपाशींच, हें ओळखून कर्त्यांनीं 'पबजी लाइट' नांवाची हलकी आवृत्ति निराळी केली. ती २०१९ च्या जानेवारींत थायलंडमध्यें व जुलैमध्यें आपल्याकडे आली. चार जीबींत आणि अंगभूत ग्राफिक्सवर ती चालत असे, आणि विकत घ्यावी लागत नसे. ता. २९ एप्रिल २०२१ रोजीं ती बंद करण्यांत आली. ज्या मुलांचीं यंत्रें फक्त तेवढाच भार उचलूं शकत होतीं त्यांना मग दुसरा मार्ग उरला नाहीं. खेळ दूरच्या सर्व्हरवर चालत असला म्हणजे काटकसर शिकलेला खेळाडूहि हतबल असतो. आपल्या घरच्या फ्लॉपींतला 'प्रिन्स' कोणी बंद करूं शकत नव्हतें.

दुसरें उदाहरण घरचें आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेनें 'राजी' नांवाचा खेळ केला. लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता. असें असतांहि ता. १८ ऑगस्ट २०२० रोजीं खेळ बाहेर आला, आणि तो प्रथम आला निन्टेन्डो स्विच या हातांत मावणाऱ्या यंत्रावर; संगणकावर व मोठ्या यंत्रांवर त्यानंतर दोन महिन्यांनीं, ऑक्टोबरांत. स्विचचें बळ मोबाइल-जातीच्या प्रोसेसराएवढें आणि मेमरी चार जीबी. ज्या अनरिअल एंजिनावर हा खेळ उभारला आहे तें मोठ्या यंत्रांचें हत्यार समजलें जातें. तें अशा लहान यंत्रांत बसवावयाचें म्हणजे थळघाटाचाच प्रसंग. खेळ पाहतांना ती काटकसर कोठें केली असावी याचा कांहींसा अंदाज येतो. पाहणाऱ्याची दृष्टि बहुतेक ठिकाणीं दूरवर आणि ठरलेल्या जागीं स्थिर ठेवली आहे, त्यामुळें काय दिसेल व काय दिसणार नाहीं हें कर्त्यास आधींच ठाऊक असतें. राजस्थानी वळणाच्या महालांचें वैभव हातानें रंगविलेल्या पृष्ठांवर उभें आहे. आणि कथेचा पुष्कळ भाग छायाबाहुल्यांच्या खेळानें सांगितला आहे. मेक्नरच्या छायेनंतर एकतीस वर्षांनीं पुन्हां एक छाया, हें आम्हांस सुखाचें वाटलें. छायाबाहुल्या सौंदर्यासाठीं घेतल्या कीं सोयीसाठीं, याचा निवाडा करण्याचें कारण नाहीं. चांगल्या कारागिराच्या हातीं या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहींत.

आतां टाळेबंदींत घेतलेल्या आणि त्यापूर्वींच्या लॅपटॉपांपुढें एक नवा चढ आला आहे. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज-१० ची नेहमींची देखभाल मायक्रोसॉफ्टनें थांबविली, आणि विंडोज-११ साठीं इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडचाच प्रोसेसर व सुरक्षेचा एक विशिष्ट भाग असावा लागतो. ज्यांत तो नाहीं अशीं यंत्रें धडधाकट असूनहि बाद ठरलीं. यांतलीं कित्येक यंत्रें जुन्या बाजारांत जातील, कित्येक माळ्यावर चढतील. कांहीं घरांत मुलें त्यांवर लिनक्स बसवीत आहेत, आणि जुने हलके खेळ त्यावर पुन्हां सुरू होत आहेत. 'डूम'चा मूळ प्रोग्रॅम कर्त्यांनीं १९९७ च्या डिसेंबरांत सर्वांस खुला केला. तेव्हांपासून तो लोकांनीं नाना यंत्रांवर चालविला, २०१४ सालीं तर एका छपाईयंत्राच्या बोटभर पडद्यावरहि.